रामनाथकाकांची वेबसाइट

"वेबसाइट ना? त्यात काय एवढं! चहा येईपर्यंत होईल!"

हे वाक्य माझं. मी ते पूर्ण शुद्धीत, भर ऑफिसात, एचआरच्या दीपिका मॅडमसमोर बोललो. त्यांनी इतक्या कौतुकानं माझ्याकडे पाहिलं की मी पुढे म्हणालो, "चहासुद्धा गरम असेल!"

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कापडाचे रंग बनवायचा कारखाना आहे. तिथे मी, प्रणव, कॉम्प्युटरवाला. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, साहेब पासवर्ड विसरले की मी. कॅन्टीनचा मिक्सर बंद पडला तरी मैनाबाई मलाच हाक मारते, कारण मिक्सरलाही वायर असते! अशा माणसाला आपण फार मोठे तंत्रज्ञ आहोत असं वाटायला कितीसा वेळ लागतो?

तर झालं होतं असं, की आमचे सेफ्टी ऑफिसर रामनाथकाका निवृत्त होणार होते. काका इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरचे. घरची नारळ-केळीची वाडी, पण सगळा जीव कारखान्यात. हेल्मेट न घालता कुणी दिसला की काका त्याच्यामागे असे धावायचे, जसा काही तो हेल्मेट चोरून पळालाय! त्यांच्या काळात कारखान्यात एकही अपघात झाला नाही, हे ते नव्या माणसाला आपल्या नावाच्या आधी सांगायचे.

दुसरा नाद फोटोंचा. सुरक्षा सप्ताह, दसऱ्याची यंत्रपूजा, सहली, कुणाच्या बदलीचा निरोप, सगळीकडे काका कॅमेरा घेऊन हजर. पुढे तो कॅमेरा बिघडला, घरचा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि उभ्या नोकरीतले सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये उरले. तो पेनड्राइव्ह काका रुमालात गुंडाळून खिशात ठेवत.

"शाल-श्रीफळ सगळेच देतात," दीपिका मॅडम म्हणाल्या. "काकांना काहीतरी वेगळं देऊ या."

आणि मी ते चहाचं वाक्य बोललो.

काकांनी रुमाल सोडून पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला तेव्हा त्यांचा हात क्षणभर तिथेच राहिला.

"सांभाळ रे बाबा. माजी सगळी मानसं हायेत यात. काही तर आता नायत."

"काका, तुम्ही निश्चिंत राहा!"

"आनि तुजं काम झालं का पेनड्राइव मोकला करून दे. आमच्या सुलूला भजनं भरून पायजेत."

मोकळा करून द्यायचा, म्हणून मी फोटो कॉपी केले नाहीत. कट केले! कट करून माझ्या कॉम्प्युटरवर 'रामनाथ' नावाच्या फोल्डरमध्ये चिकटवले आणि रिकामा पेनड्राइव्ह त्याच दिवशी काकांना परत दिला. केवढी ती तत्परता! एरवी माझ्याकडून साधी छत्री परत मिळवायला लोकांना पावसाळा संपेपर्यंत थांबावं लागतं.

आता वेबसाइट. मी काही व्हिडिओ पाहिले होते. त्यांत एक हसरा मुलगा सांगायचा की हल्ली वेबसाइट विटेवर वीट रचून बांधत नाहीत. जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क म्हणून एक गोष्ट असते. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, दोन-तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, की घराचा आख्खा सांगाडा उभा! आपण फक्त रंग द्यायचा आणि सामान मांडायचं. तो मुलगा बोलता बोलता हे करून दाखवायचा, आणि बोलणं तर मलाही येतं!

मी 'रामनाथ' फोल्डरमध्येच काळी खिडकी उघडली आणि ओळ लिहिली; तिनं काहीतरी विचारलं, ते न वाचताच मी शेवटचा पर्याय दाबला. सांगाडा उतरू लागला आणि निम्म्यात आमच्या ऑफिसचं नेट गेलं. फोल्डरमध्ये अर्धवट फायलींचा ढिगारा पडला, बांधकाम सोडून ठेकेदार पळाल्यावर पडतो तसा. नेट आल्यावर मी पुन्हा तीच ओळ लिहिली. या वेळी मी त्या खिडकीचा इंग्रजी प्रश्न वाचला, "हा फोल्डर रिकामा नाही. काय करू?" खाली पर्याय होते: रद्द करू, आधीच्या फायली काढून टाकून पुढे जाऊ, की त्यांच्याकडे दुर्लक्ष करू.

आधीच्या फायली म्हणजे तो ढिगाराच की! काढ बाबा, काढ! माणसानं स्वच्छ जागेत काम सुरू करावं!

मी एंटर दाबलं. इतक्या आत्मविश्वासानं मी लग्नात अंतरपाटापलीकडे हारसुद्धा घातला नव्हता.

आणि जमलं! पडद्यावर पान उघडलं. मध्यभागी एक झकास चिन्ह गरगर फिरत होतं आणि त्याखाली एक बटण होतं, 'काउंट इज झिरो'. हे बटण शोभेचं. दाबलं की आकडा एकनं वाढतो, बाकी काही नाही. सांगाडा चालतोय, एवढंच सांगायला ते ठेवलेलं असतं. मी शेजारच्या टेबलावरच्या सुजितला ओढून आणलं. सुजितनं बटण दाबलं. "अरे वा! वाढतंय!" आम्ही दोघं आळीपाळीनं दाबत बसलो. तोवर चहा आला. आणि तो गरम होता!

मग मी फोटो मांडायला घेतले.

फोटो नव्हते.

मी फोल्डर बंद करून उघडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कचरापेटीत पाहिलं, ती रिकामी. ढिगाऱ्याबरोबर फोटोही गेले होते, आणि काळ्या खिडकीतून काढलेलं कचरापेटीत जात नाही, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. त्या हसऱ्या मुलानं हे सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, पण मी व्हिडिओ पळवत पळवत पाहतो.

मी तसाच काकांच्या केबिनकडे धावलो. पेनड्राइव्हवर निदान काही शिल्लक असेल! केबिनमधून टाळ-मृदंग ऐकू येत होता.

"ये ये! बग, किती भजनं बसली याच्यात! पार काठोकाठ भरला!" काका खुशीत म्हणाले.

"छान," मी म्हणालो. माझा आवाज पंक्चर काढायला आलेल्या सायकलसारखा झाला होता.

"तुजं कुठवर आलं?"

हाच तो क्षण! इथे मी सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती.

"पॉलिश चाललंय, काका."

पॉलिश! ज्या टेबलाला पायच नाहीत, त्याला मी पॉलिश करत होतो!

काकांनी ते दीपिका मॅडमना सांगितलं. मॅडमनी प्लँट मॅनेजरसाहेबांना सांगितलं. साहेबांनी मुख्य कार्यालयात फोन केला की आमच्याकडे सेफ्टी ऑफिसरला निरोपात वेबसाइट देतात, आणि तिथून सेफ्टी विभागाच्या प्रियदर्शिनी मॅडम खास येणार असं ठरलं. काकांनी नवापुरात सांगितलं, आणि काकांच्या बायकोनं, सुलूकाकूंनी, उरलेल्या नवापुरात सांगितलं. आख्ख्या नोकरीत ज्या बाईनं कारखान्याचं फाटक ओलांडलं नव्हतं, तिनं वेबसाइट बघायला नवी साडी घेतली!

मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काका कधी केळी, कधी शहाळं घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. "खा रे, तुज्यावर लोड हाय." मी ती केळी खायचो. ती गोड होती, हे सांगतानाही आता मान वर होत नाही.

निरोपाच्या दिवशी माझी सगळी भिस्त विजेवर होती. वीज गेली तर सुटलो! वीज गेलीसुद्धा. मी मनातल्या मनात हात जोडतोय तोच जनरेटर सुरू झाला.

माझा टेबलावरचा कॉम्प्युटर ड्रम वाहायच्या ट्रॉलीवरून कॅन्टीनमध्ये आणला गेला. कामगार, अधिकारी, पुढच्या खुर्चीवर प्रियदर्शिनी मॅडम. आणि एका टेम्पोतून उतरलेलं नवापूर! सुलूकाकू मोतिया रंगाच्या साडीत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. मागे त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणी.

माझा बेत साधा होता. पडद्यावर काळी खिडकी दाखवायची, "लोड होतंय" म्हणायचं, आणि भाषणं होऊन जेवणाची वेळ होईपर्यंत ते लोड होऊ द्यायचं. पण सुजित मदतीला आला. निर्मळ मनानं आला!

"अरे, हे मागे उघडलंय की!" असं म्हणून त्यानं काळी खिडकी खाली सरकवली.

भिंतभर पडद्यावर ते चिन्ह गरगरू लागलं. त्याखाली, हातभर अक्षरांत: काउंट इज झिरो.

  साहेब माईकजवळ उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! वा प्रणव! एका आकड्यात सगळं सांगितलंस! मित्रहो, रामनाथ यांच्या काळातले अपघात: शून्य!"

टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! काकांनी डोळे पुसले. प्रियदर्शिनी मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. आणि साहेबांनी "हो ना रे?" म्हणून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली. होकारार्थी हलवली!

"आता उद्घाटन सुलूताईंच्या हस्ते!" साहेब म्हणाले. "ताई, या. ते बटण दाबा, म्हणजे वेबसाइट उघडेल."

"नको नको, बटण नको!" मी ओरडलो. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार?

काकूंनी पदर सारखा केला, माउसला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

काउंट इज वन.

टाळ्या मध्येच थांबल्या. काकू माझ्याकडे वळल्या. "उघडलं का रे?"

मी काही बोलायच्या आत त्यांना वाटलं, नीट दाबलं गेलं नाही. मग त्यांनी दारावरची घंटा वाजवावी तसं दाबायला सुरुवात केली. दोन! तीन! चार!

"अरे, ये तो बढ़ रहा है!" मागून एक कामगार ओरडला.

पाच! सहा!

"काकू, थांबा!"

सात!

प्रियदर्शिनी मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बर्फासारखा होता. "मॅनेजरसाहब, ये सात इन्सिडेंट हमें रिपोर्ट क्यों नहीं हुए?"

साहेब काकांकडे वळले. "रामनाथ! हे काय आहे?"

रामनाथकाका उठले. हातातला गुच्छ खाली पडला, तेही त्यांना कळलं नाही.

"साहेब, माज्या काळात एक बी नाय. देवाची शप्पत, एक बी नाय!"

"मग हे आकडे कुठून आले? कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो! हा पोरगा आता सांगेल, अशा विश्वासानं पाहिलं. मी माउसची वायर सरळ करत राहिलो.

तेवढ्यात कुणीतरी "सात ॲक्सिडेंट! सात ॲक्सिडेंट!" करत बाहेर धावलं. फाटकावरच्या मारुतीनं, आमच्या वॉचमननं, ते ऐकलं. काकांनी त्याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती. ती त्यानं केली. भोंगा वाजवला!

भोंगा वाजला आणि खचलेले रामनाथकाका ताठ झाले. सवय! "कुनी पलायचं नाय! रांग करा! मैना, गॅस बंद कर! बायांनो, साड्या वर धरा, चला!" पाहता पाहता त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनबाहेर काढून मोकळ्या जागेवरच्या 'धोक्याच्या वेळी इथे जमा व्हा' लिहिलेल्या हिरव्या पाटीखाली उभं केलं. साहेब रांगेत, मॅडम रांगेत, नवापूर रांगेत, सगळे दुपारच्या उन्हात. काका भोंपू तोंडाला लावून डोकी मोजत होते. ज्या माणसावर आत्ता अपघात लपवल्याचा आळ आला होता, तो आमची डोकी मोजत होता!

मला ते बघवेना. मी पुढे गेलो आणि त्यांच्या हातातून भोंपू घेतला.

"ऐका! अपघात झालेला नाही! एकही झालेला नाही! ते बटण शोभेचं आहे! ते कुणीही दाबलं की वाढतं!"

"म्हणजे?" साहेब ओरडले.

"म्हणजे तो नुसता सांगाडा आहे, साहेब. वेबसाइट नाहीच! त्यात टाकायचे फोटो माझ्याकडून पुसले गेले. काकांचे सगळे फोटो. मीच पुसले. आणि मी ते सांगितलं नाही!"

भोंपूवर हळू बोलता येत नसतं. पलीकडच्या कारखान्यातले लोक कुंपणावरून बघायला लागले होते. माझी कबुली वाऱ्यावर बसून पार आमच्या कुंभवलीपर्यंत गेली असणार, कारण संध्याकाळी माझ्या आईनं मला दारातच विचारलं, "कुणाचे फोटो पुसलेस रे?"

पण ते नंतर.  सुलूकाकू रांगेतून थोड्या पुढे आल्या.

"म्हंजे, फोटू नायत?"

"नाहीत, काकू."

"सोजराबाईचा पन?"

"तोही नाही," मी म्हणालो. सोजराबाई कोण, हेही मला माहीत नव्हतं.

काकांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं! त्यांनी फक्त भोंपू परत घेतला आणि तोंडाला लावला.

"धोका संपला. सगल्यांनी जेवायला चला. रांगेत."

 मैनाबाईनं पंगतीभर श्रीखंड वाढलं. माझ्या पानाशी आली, वाटी तिरकी केली, सरळ केली आणि पुढे गेली.

पालघरला स्टेशनजवळ जितेश नावाचा एकजण हरवलेला डेटा काढून देतो. मी कॉम्प्युटरचं डबडंच त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पुसल्यावर कॉम्प्युटर वापरलास?"

"रोज."

"का?"

"पॉलिश करत होतो," मी म्हणालो.

 काय वाचतं आणि काय नाही, हे आपल्या हातात नसतं, एवढंच तो म्हणाला. काही दिवसांनी त्याचा फोन आला. थोडे फोटो निघाले होते! मी आनंदानं धावत गेलो, आणि पडद्याकडे बघतच राहिलो. सगळे फोटो आग विझवायच्या लाल नळकांड्यांचे होते! काका दर वर्षी तपासणीसाठी त्यांचे फोटो काढायचे, तेच नेमके वाचले होते. बॉयलरजवळचं नळकांडं, जिन्याखालचं नळकांडं, समोरून, बाजूनं, जवळून. माणूस औषधालाही नाही.

रविवारी मी ते छापून नवापूरला गेलो. वाटेत दोनदा स्कूटर परत वळवली. काका ओटीवर नारळ सोलत बसले होते. मी पाकीट पुढे केलं. म्हणालो, "काका, एवढंच निघालं." 

काकांनी चष्मा लावला. पहिला फोटो उन्हात धरला. 

"सुलू! इकडं ये! हा बग, बॉयलरजवलचा! याची पिन नेमी अडकायची!" ते पुढचा फोटो घेत म्हणाले. "आनि हा जिन्याखालचा. याच्यामागं पोरं डबे लपवायची."

काकू हात पुसत आल्या. दोघं एकेक फोटो नातवंडांचे असावेत तसे बघत होती. मी खाली नारळाच्या सालींकडे बघत होतो.

एका फोटोपाशी काका थांबले. त्यात नळकांड्याच्या दांड्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच. हिरव्या बांगड्या भरलेला.

"सोजराबाई," काका हळूच म्हणाले. "आपल्याकडं आग विझवायला शिकलेली पयली बाई. बाया हसायच्या तिला. गेली बिचारी."

काकूंनी तो फोटो हातात घेतला आणि पदरानं पुसला, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना. मग मला म्हणाल्या, "च्या घेशील ना?"

एवढंच. ना शिवी, ना टोमणा. 

"मी हेच फोटो घालून वेबसाइट पूर्ण करतो, काका," मी उठताना म्हणालो. "ती तरी करू द्या."

आणि या वेळी केली. सुजितला शेजारी बसवून, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून, फोटोंच्या प्रती तीन ठिकाणी ठेवून केली. वरती काकांचं नाव, खाली त्यांचा फोन नंबर, मध्ये ओळीनं लाल नळकांडी आणि त्यांत सगळ्यांत पहिला तो हिरव्या बांगड्यांचा हात. शोभेचं बटण मी सगळ्यांत आधी काढलं.

परवा काकांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"अरे प्रणव, तुज्या वेबसाइटवरनं मानसं फोन करतात! आज मुरबे गावच्या एका हॉटेलवाल्यानं केलता."

"काय म्हणाला?"

"इचारत होता, सिलिंडर काय भावानं देता!"

 उभ्या जन्माच्या सेवेचं मी दुकान करून ठेवलं होतं!

"अरे देवा! काका, सॉरी! मी तुमचा नंबर आत्ताच्या आत्ता काढतो!"

"काडू नको! मी त्याला आग विझवायची कशी, ते सगळं समजावलं. अर्धा तास ऐकत होता बिचारा. उद्या त्याच्या हाटेलात जाऊन करून दाकवनार हाय!"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसलो. 'इथे विक्री होत नाही' एवढी एक ओळ त्या पानावर टाकायला हवी, हे मलाही कळतं हो! पण त्यासाठी ती काळी खिडकी पुन्हा उघडावी लागेल. आणि तिनं काही विचारलं तर?